प्राध्यापक एडमंड फिशर आणि प्रथिनांवरील मोहोर

व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत एका रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही सभासद बंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कापड, किराणा, भुसार, सोने-चांदी, औषधे अशा नाना धंद्यांतील मंडळींनी हिशेबातून थोडी उसंत काढून हा अंक हाती घ्यावयाचा, आणि त्यात बाजाराच्या हालहवालाऐवजी सशाच्या स्नायूतील एका प्रथिनाची कथा वाचावयाची, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक दिसेल खरे. तथापि आमच्या औषधविक्रेत्या सभासदांपैकी अनेकांच्या फडताळात आज 'इमॅटिनिब' नावाची गोळी असते. रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर ती दिली जाते. एके काळी आपल्या देशात मूळ कंपनीच्या या औषधाची महिन्याची किंमत सुमारे १,२०,००० रुपये होती. तेच औषध आमच्या हैदराबादेत तयार होऊन आठ-दहा हजारांत मिळू लागले, आणि त्यावरून उठलेला वाद थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पेटंट, भाव आणि रोग्याचे प्राण हे तिन्ही विषय त्या एका खटल्यात एकवटले होते.

ही गोळी ज्या ज्ञानाच्या पायावर उभी आहे तो पाया १९५५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटल शहरी दोन प्राध्यापकांनी घातला. तो घालताना त्यावर कोणती इमारत उठणार आहे याची त्यांना कल्पना नव्हती, आणि असण्याचे कारणही नव्हते. त्या दोघांपैकी प्रा. एडमंड फिशर यांच्या आयुष्यक्रमाचा व कार्याचा परिचय वाचकांस करून द्यावा, असे आम्ही योजिले आहे. दुसरे प्रा. एडविन क्रेब्स. त्यांना वगळून ही हकीकत सांगताच येत नाही, म्हणून तेही ओघाने येतीलच.

फिशर यांचा जन्म ६ एप्रिल १९२० रोजी चीनमधील शांघाय येथे झाला. वडील व्हिएन्नाचे, आई फ्रान्समध्ये जन्मलेली पण मूळ स्विस घराण्यातील. आईचे वडील वृत्तसंस्थेच्या कामानिमित्त प्रथम हनोईस व तेथून शांघायला आले आणि तेथे त्यांनी 'कूरिये द शिन' नावाचे फ्रेंच वृत्तपत्र काढले. ज्या फ्रेंच शाळेत नातू पुढे पहिली अक्षरे गिरविणार होता, तिच्या स्थापनेतही या आजोबांचा हात होता. बालक सात वर्षांचे होताच दोघा थोरल्या भावांसह त्याची रवानगी स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हाच्या सरोवरावरील एका वसतिशाळेत झाली. सात वर्षांच्या मुलास समुद्रापार धाडणे आपल्याकडील मातांच्या काळजाला मानवणार नाही. परंतु पोटासाठी परमुलखात गेलेल्या घराण्यांत शिक्षणासाठी मुलांस दूर ठेवण्याची रीत सर्वत्रच आढळते, आणि आमच्या समाजातील जुन्या पेढ्यांनाही ती अपरिचित नाही.

जिनिव्हात या मुलास दोन नाद लागले. एक पियानोचा. १९३५ साली तो तेथील संगीतशाळेत दाखल झाला, आणि पुढे काही काळ वादक म्हणूनच जगावे असा विचारही त्याच्या मनात घोळत होता. अखेरीस संगीत हे आनंदापुरते ठेवावे, त्यावर उपजीविका करू नये, असा त्याने निर्णय घेतला. दुसरा नाद सूक्ष्मजंतूंचा. एका शाळासोबत्याशी त्याने करारच केला होता म्हणतात की, एकाने डॉक्टर व्हावयाचे आणि दुसऱ्याने शास्त्रज्ञ. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास फिशर जिनिव्हा विद्यापीठात आले. जीवशास्त्राची खरी किल्ली रसायनशास्त्राच्या हाती आहे अशी जाणकारांची सल्ला पडल्यावरून त्यांनी रसायनशास्त्र पत्करले. पदव्या त्यांनी दोन्ही विषयांत घेतल्या, वर रसायन-अभियंत्याची पदविकाही मिळविली. कुर्ट मायर या नामवंत प्राध्यापकांच्या हाताखाली स्टार्चचे विघटन करणाऱ्या एन्झाइमांवर संशोधन करून १९४७ साली ते डॉक्टर झाले.

एन्झाइम म्हणजे काय, हे येथे दोन शब्दांत सांगितले पाहिजे. शरीरातील प्रत्येक रासायनिक क्रिया घडवून आणणारा एकेक कारागीर असतो, आणि हा कारागीर बहुतेक प्रथिनाचाच बनलेला असतो. आपण भाकरीचा घास चावतो तेव्हा तिला किंचित गोडी येते, ती लाळेतील असल्याच एका कारागिराची करणी होय. मायर यांच्या प्रयोगशाळेत असे कारागीर वेगळे काढून, गाळून, धुऊन, अखेर स्फटिकरूपात मिळविण्याचे काम चाले. फिशर यांचा हात तेथे तयार झाला. बटाट्यातील 'फॉस्फोरिलेज' नामक एन्झाइमावरही त्यांनी तेथे काम केले, आणि त्या बटाट्याचे ऋण पुढे सिॲटलमध्ये कामास आले.

१९५३ साली फिशर सिॲटलला आले. कॅलिफोर्नियातील एका प्रख्यात संस्थेत संशोधन करण्याचा त्यांचा बेत होता. मध्येच वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नव्या वैद्यकीय शाळेतून साहाय्यक प्राध्यापकपदाचे अनपेक्षित बोलावणे आले आणि त्यांनी ते स्वीकारले. ही शाळा १९४६ साली निघालेली, म्हणजे तेव्हा जेमतेम सात वर्षांची. जीवरसायन विभागाचे प्रमुख हान्स न्यूराथ हेही व्हिएन्नाचेच. भोवतीचे डोंगर, सरोवरे आणि अरण्ये पाहून फिशर यांना स्वित्झर्लंडची आठवण झाली. जुन्या नावाजलेल्या पेढीतील तिसऱ्या गादीवर बसण्यापेक्षा नव्या पेढीत भागीदार होणे बरे, हा हिशेब त्यांनी मनाशी केला होता की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. घडले मात्र तसेच.

तेथे त्यांची गाठ क्रेब्स यांच्याशी पडली. क्रेब्स हे १९१८ साली आयोवा प्रांतात एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेले. पंधराव्या वर्षी पित्याचे छत्र हरपले. पुढे त्यांनी सेंट लुई येथे वैद्यकाचे शिक्षण पुरे केले, नौदलात डॉक्टर म्हणून सेवा केली, आणि परत सेंट लुईला येऊन कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षे उमेदवारी केली. कोरी पतिपत्नींस १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच सुमाराची ही गोष्ट. १९४८ साली क्रेब्स सिॲटलला आले ते कोरींच्या प्रयोगशाळेतील एक न सुटलेले कोडे बरोबर घेऊनच.

ते कोडे असे. आपल्या स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखरेची कोठी भरलेली असते. धावण्याची, ओझे उचलण्याची वेळ आली की या कोठीतून साखरेचे एकेक माप काढून देणारा कोठावळा म्हणजे फॉस्फोरिलेज. कोरींस असे आढळले होते की, स्नायूतील हा कोठावळा दोन रूपांत वावरतो. एक रूप, ज्याला 'ए' म्हणत, ते आपणहून काम करते. दुसरे 'बी' रूप हे ॲडेनिलिक आम्ल नामक एक द्रव्य मिसळल्यावाचून हात हलवीत नाही. यावरून कोरींनी तर्क केला की 'ए' रूपात हे द्रव्य आधीच जोडलेले असावे आणि ते निघून गेले की 'बी' बनत असावे. तर्क सुबक होता, परंतु 'ए' रूपात ते द्रव्य कितीही शोधले तरी सापडेना. इकडे फिशर यांचा बटाट्यातील कोठावळा त्या द्रव्याची मुळीच अपेक्षा ठेवीत नसे. बटाट्याचे काम ज्याच्यावाचून चालते त्याच्यावाचून सशाचे का अडावे, या प्रश्नावर दोघांची भागीदारी जमली.

त्यांनी कोरींच्या कृतीबरहुकूम सशाच्या स्नायूंचा अर्क काढावयास आरंभ केला. या कामी सशांचा जीव खर्ची पडत असे, हे आम्ही वाचकांपासून लपवीत नाही. आमच्या घरांतून ही ओळ वाचताना मन क्षणभर थबकेल, आणि ते थबकणेच योग्य आहे. शास्त्राचा इतिहास जसा घडला तसाच सांगणे भाग आहे, म्हणून सांगितले.

अर्क निघाला, पण 'ए' रूप काही मिळेना. कोरींच्या प्रयोगशाळेत सहज मिळणारी वस्तू सिॲटलमध्ये हाती येईना, आणि जे मिळे ते सारे 'बी'. कृतीतील प्रत्येक पायरी पडताळता एकच फरक सापडला. कोरी अर्क गाळणकागदातून गाळीत असत. सिॲटलकर मात्र तो जोराने फिरणाऱ्या यंत्रात घालून गाळ खाली बसवीत. वरपांगी दोन्हींचा हेतू एकच, द्रव स्वच्छ करणे. चुलीवरचा चहा गाळणीने गाळला काय आणि चोथा खाली बसू देऊन वरचा ओतून घेतला काय, गृहिणीस त्यात फरक दिसत नाही. पण कागदातून अर्क जाऊ देताच 'ए' रूप प्रकट झाले! तोच कागद आधी आम्लाने धुऊन घेतला तर पुन्हा 'बी'च. तेव्हा कागदातच काही तरी होते. ते म्हणजे अल्प प्रमाणातील कॅल्शियम. आपल्या चुन्यात आणि हाडांत असते तेच.

सामान्य मनुष्य येथे कागदास दोष देऊन, स्वच्छ कागद मागवून, पुढच्या कामास लागला असता. या दोघांनी उलट केले. कॅल्शियम मिसळले की 'बी'चे 'ए' का होते, आणि त्याच्या जोडीला आणखी काय लागते, याचा त्यांनी पिच्छा पुरविला. त्यांना आढळले की एटीपी हे द्रव्यही लागते. एटीपी ही शरीरातील शक्तीची जणू रोख रक्कम. तीन फॉस्फेट एकापुढे एक जोडलेली. या तिहींपैकी शेवटचे फॉस्फेट उचलून कोठावळ्याच्या अंगावर, नेमक्या एका ठिकाणी, जोडून देणारे एक स्वतंत्र एन्झाइम स्नायूत आहे. ते जोडले की 'बी'चा 'ए' होतो, निजलेला जागा होतो. दुसरे एक एन्झाइम ते फॉस्फेट काढून टाकते, की 'ए'चा पुन्हा 'बी'. कोरी ज्या द्रव्याच्या शोधात होते ते 'ए' रूपात सापडले नाही याचे कारण ते तेथे नव्हतेच. तेथे होते ते एक क्षुल्लक फॉस्फेट. आठशेहून अधिक दुव्यांच्या त्या लांबलचक साखळीतील चौदाव्या दुव्यावर, सेरिन नावाच्या अमिनो आम्लावर ते बसते, हे पुढे निश्चित झाले.

कॅल्शियमची गोष्टही तेवढ्यावर थांबली नाही. स्नायू आखडतो तो कॅल्शियमच्या इशाऱ्यानेच, आणि हेच कॅल्शियम फॉस्फेट जोडणाऱ्या त्या एन्झाइमासही जागे करते, असे पुढील संशोधनात दिसून आले. म्हणजे मजूर कामास लागतो त्याच क्षणी शिधा काढण्याची वर्दी कोठीवर पोचते. गाळणकागदातील जो अंश अशुद्धी म्हणून धुऊन टाकावयाचा, तो शरीराच्या स्वतःच्या व्यवहारातील एक निरोप्या निघाला.

फॉस्फेट प्रथिनांत असते हे त्यापूर्वी ठाऊक नव्हते असे नाही. दुधातील केसिनात ते असल्याचे रसायनज्ञ एकोणिसाव्या शतकापासून जाणत होते. पण ते वासराच्या पोषणासाठी ठेवलेले खाद्य, इतकाच त्याचा अर्थ लावला जाई. प्रथिन तयार होऊन गेल्यावर त्यावर मोहोर उठवावयाची, काम संपताच ती पुसावयाची, आणि या मोहोरेच्या बळावर त्याचे काम चालू-बंद करावयाचे, ही कल्पना निराळी होती. व्यापारी वाचकांस हे समजावून सांगण्यास आम्हास फारसे कष्ट पडणार नाहीत. वखारीतील गोणी तीच, माल तोच. परंतु त्यावर विक्रीचा शिक्का बसला की ती दाराबाहेर जाते, आणि शिक्का रद्द झाला की जागीच राहते. माल बदलण्यास वेळ लागतो, शिक्का मारण्यास लागत नाही. शरीरासही नवे प्रथिन घडविण्यास अवधी लागतो, फॉस्फेट जोडणे वा काढणे मात्र पळात होते. वाघ समोर उभा राहिल्यावर नवे प्रथिन घडवीत बसण्याची सोय नसते.

१९५५ साली हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास क्लीव्हलंड येथे अर्ल सदरलंड हे यकृतातील कोठावळ्याविषयी अशाच निष्कर्षाप्रत येत होते. पुढे त्यांनी ॲड्रिनॅलिनसारख्या संप्रेरकाचा निरोप पेशीच्या आत पोचविणारा दूत शोधून काढला व त्यांस १९७१ चे नोबेल मिळाले. सिॲटलच्या जोडीचे काय? त्यांच्या शोधाकडे बराच काळ एका विशिष्ट एन्झाइमाची लकब म्हणूनच पाहिले गेले. स्नायूतील साखरेच्या कोठीपुरता हा प्रकार आहे, इतरत्र त्याचे काय काम, असा सर्वसाधारण समज होता. १९६३ साली जोसेफ लार्नर व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, साखर कोठीत भरणाऱ्या एन्झाइमावरही हीच फॉस्फेटची मोहोर उठते, पण तेथे तिचा परिणाम उलटा होतो: ते एन्झाइम मंदावते. एकाच शिक्क्याने काढणारा जागा व्हावा आणि भरणारा निजावा, ही योजना आमच्या मते फारच नामी आहे. जमा आणि नावे यांचा मेळ जुन्या दिवाणजींनीही याहून चोख घातला नसता. १९६८ साली क्रेब्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहोर उठविणारे आणखी एक एन्झाइम शोधले. एकाने दुसऱ्यास जागे करावयाचे, दुसऱ्याने तिसऱ्यास, अशी साखळीच तेव्हा उलगडली. त्याच वर्षी क्रेब्स कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे नवा विभाग उभारण्यास गेले व १९७७ साली सिॲटलला परतले. फिशर तेथेच राहिले. १९६१ साली ते पूर्ण प्राध्यापक झाले होते. विद्यार्थी घडविणे, पियानो वाजविणे, डोंगर चढणे आणि स्वतः विमान चालविणे हे त्यांचे उद्योग अखंड चालू होते.

यानंतरचा मोठा पालट घडला तो सिॲटलमध्ये नव्हे. कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत टोनी हंटर हे १९७९ साली ट्यूमर निर्माण करणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाचा अभ्यास करीत होते. तोवर फॉस्फेट सेरिन आणि थ्रिओनिन या दोनच अमिनो आम्लांवर बसते असा समज होता. हंटर यांनी वापरलेले द्रावण ताजे नव्हते. शिळे झाल्याने त्याची आम्लता किंचित बदललेली होती. त्या बदलामुळे एरवी एकत्र राहणारे दोन ठिपके वेगळे झाले, आणि टायरोसिन या तिसऱ्या अमिनो आम्लावरही फॉस्फेट बसते असे दिसून आले. तिकडे धुतलेला नसलेला कागद, इकडे शिळे द्रावण! आमच्या गृहिणींनी यावरून स्वयंपाकघरात कसलाही धडा घेऊ नये, एवढीच विनंती.

टायरोसिनवरील ही मोहोर पेशींच्या वाढीशी निगडित होती. पेशीने केव्हा वाढावे, केव्हा थांबावे, हे हुकूम तिच्याद्वारे सुटतात. हुकूम देणारे एन्झाइम बिघडून सतत चालूच राहिले तर पेशी बेबंद वाढत सुटतात, आणि त्यालाच आपण कर्करोग म्हणतो. मनुष्याच्या शरीरात फॉस्फेट जोडणारी पाचशेहून अधिक एन्झाइमे आहेत अशी मोजदाद २००२ साली झाली. एका कोठावळ्याची लकब म्हणून जी गणली गेली, ती अशा रीतीने साऱ्या देहाच्या राज्यकारभाराची पद्धत ठरली. १९९२ साली फिशर व क्रेब्स यांस शरीरक्रियाविज्ञान व वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. शोध लागून सदतीस वर्षे झाली होती. फिशर ७२ वर्षांचे होते, क्रेब्स ७४ वर्षांचे, आणि फिशर त्यापूर्वी दोन वर्षे नोकरीतून निवृत्तही झाले होते.

आता त्या गोळीकडे वळू. रक्ताच्या एका कर्करोगात रोग्याच्या पेशींतील एक गुणसूत्र आखूड दिसते, हे फिलाडेल्फिया येथे १९६० साली आढळले होते. दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने तसे होते, हे जॅनेट रौली यांनी १९७३ साली दाखविले. या अदलाबदलीतून एक नवेच प्रथिन जन्मास येते, आणि ते म्हणजे टायरोसिनवर मोहोर उठविणारे, कधीही न थांबणारे एन्झाइम. त्याच्या मुठीत फॉस्फेट पुरविणारे एटीपी जेथे बसते नेमक्या त्याच खाचेत अडकून बसेल असा रेणू स्वित्झर्लंडमधील बाझल येथील कंपनीच्या रसायनज्ञांनी तयार केला. ओरेगॉनमधील डॉ. ब्रायन ड्रकर यांनी त्यासाठी चिकाटी धरली. १९९८ साली रोग्यांवर चाचणी सुरू झाली आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत या औषधास परवाना मिळाला. या औषधाने उपचार सुरू केलेल्या रोग्यांपैकी दहा वर्षांनंतर सुमारे ८३ टक्के हयात असल्याचे एका मोठ्या चाचणीच्या अहवालात पुढे प्रसिद्ध झाले. पूर्वी या रोगाची बातमी कळणे म्हणजे चार-सहा वर्षांची मुदत कळणे असे, हे ज्यांनी आपल्या घरात पाहिले आहे त्यांना या आकड्याचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु गोळी रोज घ्यावयाची, आणि आयुष्यभर. आरंभी सांगितलेली महिन्याची किंमत या दोन गोष्टींसह वाचली म्हणजे पोटात खड्डा पडतो. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यान्वये औषध या वस्तूस पेटंट मिळत नसे, केवळ कृतीस मिळे. त्यामुळे हैदराबादची नॅटको, मुंबईची सिप्ला इत्यादी कंपन्यांनी हे औषध आपल्या कृतीने तयार करून स्वस्तात विकावयास काढले. बाझलच्या कंपनीने, जी आता नोव्हार्टिस झाली होती, औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी १९९८ सालीच चेन्नई येथे पेटंटचा अर्ज केलेला होता. जागतिक व्यापार करारास अनुसरून २००५ साली कायदा बदलला आणि औषधांसही पेटंट मिळू लागले. मात्र त्यात '३ (डी)' हे कलम घातले गेले. ज्ञात द्रव्याचे नुसते नवे रूप काढले तर पेटंट नाही. त्याने गुण अधिक येतो असे सिद्ध केले तरच. २००६ साली अर्ज फेटाळला गेला. कंपनी मद्रास उच्च न्यायालय, अपील मंडळ असे करीत सर्वोच्च न्यायालयात पोचली. विरुद्ध बाजूस उपरोक्त कंपन्यांखेरीज मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रोग्यांसाठी झटणारी संस्थाही उभी होती. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी कंपनीचे अपील फेटाळले. स्फटिकाचे नवे रूप पाण्यात चांगले विरघळत असेल वा अधिक टिकत असेल, पण रोग बरा करण्याचा गुण त्याने वाढतो असे सिद्ध झालेले नाही, हा निकालाचा गाभा.

कंपनीची बाजूही येथे नमूद करणे न्यायाचे होईल. संशोधनात पैसा गुंतविला त्याचा मोबदला न मिळाल्यास पुढचे औषध कोण शोधणार, असे तिचे म्हणणे होते, आणि भारतातील हजारो रोग्यांस आपण ही गोळी विनामूल्य देतो असेही तिने सांगितले होते. भांडवल गुंतविणाऱ्याचे हे दुःख आम्हा व्यापाऱ्यांस कळत नाही असे कोणी समजू नये. तथापि या औषधाच्या हिशेबात कंपनीचे भांडवल हेच काय ते एकमेव भांडवल, असे मात्र आम्हास मान्य करता येत नाही. गाळणकागद धुऊन पाहण्यात ज्यांनी वर्षे घालविली, ज्यांच्या विद्यापीठाने ते काय विकणार आहेत असा प्रश्न न विचारता त्यांस पगार दिला, त्यांची रक्कम कोणत्या खात्यावर मांडावयाची? फिशर व क्रेब्स यांनी या पद्धतीच्या मूळ शोधावर कोणापाशी हक्क मागितलेला नाही. तो हक्क कोणाचा, हा प्रश्न त्या खटल्यात कोणी विचारलाही नव्हता, कारण कायद्यात त्याला रकानाच नाही.

क्रेब्स २१ डिसेंबर २००९ रोजी ९१ व्या वर्षी निवर्तले. फिशर सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल लागला तेव्हा ९२ वर्षांचे होते, आणि त्यानंतरही आठ वर्षे जगले. २७ ऑगस्ट २०२१ रोजी सिॲटल येथेच त्यांचा अंत झाला. हयात असलेल्या नोबेल विजेत्यांत त्या समयी तेच सर्वांत वयोवृद्ध, १०१ वर्षांचे होते. उतारवयात त्यांचे चित्त मोहोर उठविणाऱ्यांपेक्षा ती पुसणाऱ्यांकडे अधिक ओढले गेले होते. १९८८ साली त्यांच्या प्रयोगशाळेत निकोलस टाँक्स यांनी टायरोसिनवरील फॉस्फेट काढून घेणारे एन्झाइम प्रथमच शुद्ध रूपात मिळविले. त्याचे एक भावंड आपल्या पांढऱ्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर आधीपासूनच माहीत होते, पण त्याचे काम काय ते तोवर कळलेले नव्हते, असेही त्याच वर्षी निष्पन्न झाले. फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमांस आवरणारी औषधे अमेरिकेत आज ८० हून अधिक मान्य झाली आहेत, आणि त्यांपैकी कित्येक आमच्या सभासदांच्या दुकानांतून विकली जातात. टायरोसिनवरील मोहोर पुसणाऱ्या एन्झाइमांस नेमके धरून बनविलेली गोळी मात्र अद्याप बाजारात आलेली नाही. त्यांची खाच इतकी एकसारखी आणि विद्युत्भारित आहे की एकीत बसणारा रेणू दुसरीतही बसतो, आणि पेशीच्या आत शिरणे त्याला जड जाते. काही कंपन्यांनी आता खाच सोडून या प्रथिनांच्या पाठीमागच्या बाजूने त्यांना धरण्याचा मार्ग काढला आहे, आणि तशी काही औषधे रोग्यांवरील चाचण्यांपर्यंत पोचली आहेत.